तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव कितीही कोसळला, तरी नाशिकच्या दुकानांत कांद्याच्या नावाने मिळणाऱ्या केसतेलाच्या बाटलीचा भाव काही खाली येत नाही. शेतकऱ्याच्या हाती ज्या मालाचा वाहतूकखर्चही सुटत नाही, त्याच मालाच्या अर्काचे चार थेंब घातलेल्या बाटलीला तीनशे-चारशे रुपये मोजणारा ग्राहक अडाणी असतो असे मात्र नाही. कांद्याचा रस ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ आहे असे त्याने कुठेतरी वाचलेले असते, आणि ते अगदीच खोटे नाही. बगदादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ साली तसा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कच्च्या कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावणाऱ्या २३ रुग्णांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. नळाचे साधे पाणी लावणाऱ्या १५ जणांपैकी दोघांनाच आले. आकडे भुरळ पाडणारे आहेत खरे. पण ते रुग्ण चाई पडलेले होते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटल्याने डोक्यावर गोल, गुळगुळीत चकत्या झालेले. कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकणाऱ्या टकलाशी त्या आजाराचा संबंध नाही. शिवाय आपल्या डोक्याला कांदा लागलाय की पाणी, हे कोणत्या रुग्णाला वासावरून कळले नसेल? आणि थोड्या जागेत पडलेली चाई बरेचदा वर्षभरात आपोआप भरून येते. एका आजारावरचा लहानसा प्रयोग असा दुसऱ्याच तक्रारीवरचा इलाज म्हणून, रसाऐवजी तेलाच्या रूपात विकला जातो.

केस गळू लागले की माणूस ‘काय लावू?’ असे विचारतो. ‘कधीपासून गळतायत, आणि त्याआधी काय झाले होते?’ हे विचारायचे राहूनच जाते. याला नुसता उतावळेपणा म्हणून भागणार नाही. केसाची वाढण्याची रीतच अशी आहे की ती शहाण्या माणसालाही चकवते. गळण्याचे कारण आणि प्रत्यक्ष गळती यांच्यात बहुधा काही महिन्यांचे अंतर असते, आणि केसांच्या इलाजांचा बराचसा बाजार या अंतरावरच उभा आहे, असे माझे म्हणणे आहे.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यांतला प्रत्येक केस स्वतःच्या पाळीने वाढतो, थांबतो आणि गळतो. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा. मग दोन-तीन आठवडे आवराआवरीचे, आणि त्यानंतर सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता टेकून बसतो. खालून नवा केस आला की जुना सुटतो. कोणत्याही दिवशी दहातले साडेआठ-नऊ केस वाढीत असतात, उरलेले बहुतेक विसाव्यात. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा निरोगी डोक्याचाच हिशेब आहे. जे काही घडते ते कातडीखाली, मुळाशी. वर दिसतो तो मेलेला धागा. हे एकदा समजले की बऱ्याच समजुती आपोआप गळून पडतात. रामकुंडावर दशक्रियेला वस्तरा फिरवून घेतल्यावर आठवड्याने उगवलेले खुंट दाट आणि राठ लागतात, कारण केसाचे निमुळते टोक जाऊन तिथे बोथट काप आलेला असतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच मोजमापे घेऊन दाखवून दिले होते की वस्तऱ्याने केस ना दाट होतात ना भरभर वाढतात. तरीही लहान मुलाचे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चकोट करणारी घरे आहेत. बोअरच्या जड पाण्याचेही तेच. ते केस रुक्ष करते, मधूनच तुटायला लावते. मुळापर्यंत त्याची पोच नसते.

आता ते तीन महिने. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, अचानक घटवलेले वजन, जबर मानसिक धक्का, यांपैकी काहीही झाले की वाढीत असलेले पुष्कळसे केस एकदम विसाव्यात जातात. पण त्या दिवशी फणीत काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे मिळून गळू लागतात. अमेरिकी त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराला नाव दिले, त्याच्या कितीतरी आधीपासून बायकांनी तो नीट टिपलेला होता. बाळ हसू लागले की आईचे केस गळतात, असे आपल्याकडे म्हणतात. कारण चुकले, पण वेळ तंतोतंत बरोबर आहे. गरोदरपणात संप्रेरकांनी वाढीत रोखून धरलेले केस बाळंतपणानंतर एकदम विसाव्यात जातात आणि बाळाच्या हसण्याच्या सुमारासच गळू लागतात. नाशकात पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे ताप येतात; त्यांच्यामागून दिवाळीच्या आगेमागे केसगळतीच्या तक्रारी येणे साहजिक आहे. २०२१च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेतून उठलेल्यांनी हेच भोगले. मात्र तोवर ताप विसरलेला असतो. दोष जातो नव्या शाम्पूला, हेल्मेटला, बदललेल्या नळाच्या पाण्याला.

याच्या उलट बाजूला खरी मेख आहे. ही गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपली आपण थांबते, कारण मुळे शाबूत असतात. माणूस घाबरून इलाज सुरू करतो तो गळती ऐन जोरात असताना. म्हणजे इलाज सुरू होतो तेव्हा ओसरण्याची वेळ जवळच आलेली असते. त्या महिन्यात ज्याने जे लावले असेल त्याला यश येणार, मग ते कांद्याचे तेल असो, जास्वंदीचा लेप असो, की बारा हजारांचे पॅकेज असो. आणि हा अनुभव सांगणारी बाई खोटे बोलत नसते. तिची गळती खरोखरच थांबलेली असते. म्हणूनच केसांच्या बाबतीत ‘मला गुण आला’ ही साक्ष जितकी मनापासूनची, तितकीच निरुपयोगी. एखाद्या इलाजाची परीक्षा घ्यायची तर तो न घेतलेल्यांचे त्याच काळात काय झाले हे पाहावे लागते, आणि ती तुलना जाहिरातीत कधीच नसते.

महाराष्ट्राला केसाच्या पाळीच्या या घड्याळाचा धडा गिरवावा लागला तो बुलढाणा जिल्ह्यात. नाशिकरोडहून भुसावळमार्गे पाच-सहा तासांवर शेगाव. त्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत डिसेंबर २०२४च्या अखेरीपासून माणसांचे केस झुपक्यांनी हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे, काहींना ताप, मुंग्या, उलट्या. मग तीन-चार दिवसांत टक्कल. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली. वृत्तवाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असे बारसेही करून टाकले. हा सगळा मुलूख पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. कुणी बुरशी म्हणाले, कुणी शाम्पू. पण खारे पाणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते अचानक एका डिसेंबरात केस का घालवील, हा प्रश्न सुरुवातीच्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

घड्याळ वाचले असते तर पुष्कळ शक्यता पहिल्याच आठवड्यात कटाप करता आल्या असत्या. आनुवंशिक टक्कल वर्षानुवर्षे सरकते, ते गावच्या गाव धरत नाही. डोक्याची बुरशी मुख्यतः मुलांना होते, चकत्यांनी होते, सावकाश पसरते. तापानंतरची गळती तीन महिने घेते आणि सहसा पूर्ण टक्कल करत नाही. वाढीत असलेला केस तीन-चार दिवसांत मुळाशीच सैल होतो तो बहुधा विषाने. कर्करोगाच्या औषधांनी होतो तसा. म्हणजे शोधायला हवे होते सगळ्या घरांत एकाच वेळी पोटात गेलेले काहीतरी. विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर याच वाटेने गेले. रेशनच्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखवले. त्यांनी ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, धुतलेल्या गव्हातही १३.६१. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले होते, आणि जस्त घटलेले. हा गहू पंजाबातून आलेला, असे त्यांचे म्हणणे. शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर आणि नवांशहरच्या काही पट्ट्यांत जमिनीत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठातले संशोधक आधीपासून सांगत आले आहेत. आकड्याचा अर्थ साध्या गुणाकाराने कळतो. माणसाला रोज लागते सुमारे ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम. ४००च्या वर जाऊ नये असे मानतात. असला गहू दिवसाला ३०० ग्रॅम पोटात गेला तर ते होतात ४,३००हून अधिक.

यावर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. रेशनचा गहू इतरही असंख्य गावांत जातो, मग टक्कल याच गावांना का? मोजके नमुने तपासून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का? पहिल्याचे एक संभाव्य उत्तर असे की विष सगळ्या गव्हात असायची गरज नाही. एखाद्या खेपेत असले तरी पुरते, आणि खेप ज्या दुकानांत उतरली तिथेच लक्षणे दिसणार. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पण त्याला पुढच्या घटनेने काहीसे उत्तर दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून नखे वेडीवाकडी होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते, म्हणून मुळाशी बसलेला आघात वर दिसायला महिने लागतात. आधी केस, मग नखे, हा क्रम सेलेनियमच्या विषबाधेत ओळखीचा आहे. चीनच्या हूबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात गावेच्या गावे अशीच केस आणि नखे गमावून बसली होती. तिथे मक्यातून आणि भाजीपाल्यातून सेलेनियम पोटात जात होते. गहू नेमका कुठला यावर वाद चालू राहो, पण केस आणि नखे यांच्या दोन वेगळ्या गतींनी सांगितलेली गोष्ट एकच आहे.

शेगावच्या गावांत अनेकांना काही आठवड्यांत पुन्हा केस फुटू लागले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. विषाचा पुरवठा थांबला की मूळ कामाला लागते. त्या दिवसांत तिथे कुणी एखादे तेल विकले असते, तर त्याला राज्यभर कीर्ती मिळाली असती. आणि ज्या तरुणींनी चार केस उरल्यावर डोके पूर्ण भादरून घेतले, त्यांच्या मनाची अवस्था ‘केसच तर आहेत’ म्हणून झटकण्यासारखी नव्हती. बाईचे मुंडलेले डोके या समाजाने फार काळ वैधव्याची शिक्षा म्हणून वापरले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० मध्ये मुंबईत त्याविरुद्ध न्हाव्यांचा संप घडवून आणावा लागला होता. ती आठवण शब्दांत उरली नसेल, नजरेत उरली आहे. केसगळती हा दिखाऊपणाचा प्रश्न आहे म्हणून त्यावर गंभीर बोलू नये, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

सेलेनियमच्या निमित्ताने एक विचित्र गोष्ट समोर येते. औषधांच्या दुकानात केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांची वेष्टने वाचली तर बायोटिन, जस्त यांच्या रांगेत बरेचदा सेलेनियमही असते. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक पोषणद्रव्यात ते चुकून ठरल्याच्या दोनशे पट पडले आणि २०१ जण आजारी पडले. त्यांच्या तक्रारींत केस गळणे अग्रभागी होते. बायोटिनची कमतरता चौरस जेवणाऱ्यात दुर्मीळ असते, पण त्याचे मोठे डोस थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकवू शकतात, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. म्हणजे केस का गळतात हे शोधायला थायरॉइड तपासावे, तर आधीच सुरू केलेली केसांची गोळी त्या तपासणीत गोंधळ घालणार! आपल्याकडची खरी कमतरता लोहाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. सतत विरळ होत जाणाऱ्या केसांची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड न पाहता तिला गोळ्यांची बाटली देणे म्हणजे उत्तरपत्रिका न वाचता गुण देणे.

इथे कुणी म्हणेल, मग काहीच करू नये, नुसते थांबावे? तसे नाही. सगळी केसगळती थांबून पाहण्यासारखी नसते, आणि घरगुती इलाज निरुपद्रवी असतात हा युक्तिवाद नेमका इथेच लंगडा पडतो. आनुवंशिक टकलात घड्याळ उलटे चालते. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काम करीत नव्हते त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांना ते पडू लागते. पुढे कळले की टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन दर पाळीला मूळ लहान करत नेते, केस बारीक लव होतो आणि शेवटी दिसेनासा होतो. फिनास्टराइड, ज्याला टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली, ते हे रूपांतर अडवते. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्याला लावायचे औषध झाले, १९८८ मध्ये मान्यताही मिळाली. दोन्ही औषधे आहे ते टिकवण्यात अधिक चांगली, गेलेले आणण्यात कमी. बंद केली की काही महिन्यांत मिळवलेले जाते. दोन्हींना दुष्परिणाम आहेत, आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या बाईने फिनास्टराइडपासून दूरच राहावे. म्हणून ती डॉक्टरला विचारूनच घ्यायची. पण गंमत अशी की मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण विसावलेले केस नव्यांना जागा करून देतात. नेमके तेव्हाच लोक ते सोडून देतात. निरुपयोगी तेलाला फुकटचे श्रेय मिळवून देणारे घड्याळ, काम करणाऱ्या औषधाला असे बदनाम करते. टकलाच्या सुरुवातीला तेलात घालवलेली दोन-तीन वर्षे परत येत नाहीत. आणि डोक्याची कातडी लाल होऊन जळजळत असेल, केस गेलेल्या जागी छिद्रेच बुजून ती काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर महिनासुद्धा घालवू नये. त्या आजारांत मूळच मरते आणि व्रण राहतो.

बाजारातल्या तेलवाल्यांवर एवढे लिहून डॉक्टरांना मोकळे सोडणे बरे नव्हे. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या पाट्यांवर प्लाझ्माची इंजेक्शने पॅकेजात मिळतात. त्यांचे काही प्रयोग आशादायक आहेत, पण लहान, आणि पद्धती इतक्या वेगवेगळ्या की एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. चार इंजेक्शने, महिन्याला एक, म्हटले की चार महिने होतात. तेवढ्यात तापानंतरची गळती तशीही थांबणार असते. केसरोपणाला खरी जागा आहे ती स्थिरावलेल्या आनुवंशिक टकलात. ही शस्त्रक्रिया आहे, तिच्यातही जीव गेल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की ती प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. असे लिहून काढावे लागले, यातच सगळे आले. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, जे बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही अशा तक्रारींच्या यादीत, टक्कलही आहे. कांद्याचे तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले की मात्र त्या यादीला वळसा घालता येतो.

सगळ्यांना तज्ज्ञ आणि रक्ततपासण्या परवडत नाहीत, हे खरे. पण या आजारातले सगळ्यात मोलाचे दोन पुरावे फुकट मिळतात. एक तारीख. गळती कधी सुरू झाली आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, नवे औषध, उपास, धान्याची नवी खेप यांपैकी काय काय झाले, एवढे एका कागदावर लिहून नेले तर निम्मे निदान तिथेच होते. दुसरा पुरावा गळलेला केस. अंगठा आणि दोन बोटांत पन्नास-साठ केस मुळाशी धरून हलक्या हाताने टोकाकडे ओढत न्यावेत. दोन-चार आले तर चालते. सहा किंवा जास्त आले तर गळती चालू आहे. मग मूळ पाहावे. कोरडी, पांढुरकी, बारीक गाठ असेल तर तो केस विसाव्याची पाळी पुरी करून आला आहे. गाठीऐवजी काळसर, निमुळते, तुटल्यासारखे टोक असेल तर त्याला वाढीतच गाठले आहे, आणि मग पोटात काय गेले ते शोधायला हवे.

सरकारी यंत्रणेनेही हेच घड्याळ धरून चालायला हवे. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. गावात एकाच वेळी अनेकांचे केस जाऊ लागले तर पहिल्या दोन दिवसांत कोणते नमुने कुणी घ्यायचे, याचा साधा आराखडा तिथे बनू शकतो. रेशन दुकानात उतरणाऱ्या प्रत्येक खेपेतला मूठभर गहू चिठ्ठी लावून सहा महिने राखून ठेवला तर खर्च जवळपास शून्य आहे. तसे नसेल तर पथक गावात पोचेपर्यंत संशयित गहू खाऊन संपलेला आणि पोते रिकामे झालेले असण्याचीच शक्यता अधिक. तोवर घरच्यांनी एक करावे. गळलेले लांब केस फेकू नयेत, मुळाचे टोक कोणते याची खूण करून कागदात गुंडाळून ठेवावेत. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासूनचे पहिले तीन सेंटीमीटर कापून तपासले तर वाढ थांबण्याआधीच्या तीन महिन्यांत शरीरात काय आले हे प्रयोगशाळेला त्यात मोजता येते.